लेकीच्या स्की

गेबहार्ट चोफेनच्या शेडमध्ये वर्षाकाठी जेमतेम साठ जोड स्की तयार होत, आणि पहिल्या रंध्यापासून शेवटच्या मेणाच्या हातापर्यंत सगळं तो एकटाच करी. त्याच शेडमध्ये पूर्वी त्याचे वडील घोडागाड्यांची चाकं बनवत. लाकूड तेव्हाही ॲशच्या झाडाचंच होतं, डोंगराच्या सावलीच्या अंगाला सावकाश वाढलेलं आणि चिवट. मोंटाफोन खोऱ्यातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी गेबहार्टच्या स्कीवर पाय ठेवला होता. उरलेले खाली शहरातल्या दुकानात जाऊन हॉर्नेक कंपनीच्या घेत, आणि रस्त्यात तो समोरून आला की उगाच हवापाण्याच्या गोष्टी काढत.

त्या लोकांचा त्याला राग नव्हता. राग एकाच गोष्टीचा होता, आणि तो इतका जुना झाला होता की त्याला राग म्हणावं की आणखी काही, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याची एकुलती एक मुलगी, वेरेना, हॉर्नेकमध्ये नोकरीला होती.

वेरेना लहानाची मोठी झाली ती या शेडमध्येच. शाळेतून आली की दप्तर भुशात टाकून बापाच्या शेजारी उभी राही. लाकडाचे थर दाबून चिकटवणाऱ्या प्रेसमधून निघालेली नवी स्की गुडघ्यावर टेकवून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी हळूच वाकवून बघायची तिला सवय होती. जिथं ताठ लागे तिथं बोट ठेवून म्हणे, "इथं आजोबांसारखी आहे." आणि मागच्या टोकाकडे, "इथं आईसारखी. वाकते, पण लगेच उलटून येते." तिची आई, इर्मा, स्वयंपाकघरातून ऐकत असे आणि दोघांनाही जेवायला उशिरा वाढी.

पुढं ती ग्राट्सला जाऊन इंजिनीअर झाली आणि डोक्यात भरपूर काही घेऊन परत आली. गाभ्यात अर्धं पॉप्लरचं हलकं लाकूड घालू, वरून कार्बनचं पातळ कापड देऊ, वजन पाऊण होईल. दोन दिवस ती कागदावर रेघा मारून समजावत होती. तिसऱ्या दिवशी गेबहार्ट म्हणाला, "मी आगपेटीच्या काड्या बनवत नाही." त्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबा, तू माणसांसाठी स्की बनवत नाहीस. लाकडासाठी बनवतोस." त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं हॉर्नेकमध्ये नोकरी धरली आणि खाली ऱ्हाइन नदीच्या सपाटीवर राहायला गेली. आरडाओरडा झाला नाही, दारं आपटली नाहीत. तसं काही झालं असतं तर मिटवायला तरी काही असतं.

मग ती नाताळला आणि ईस्टरला यायला लागली. आपल्या स्की गाडीतच ठेवून घरात येई. जेवताना बोलणं व्हायचं ते दक्षिणेच्या गरम वाऱ्याचं, शेजारच्या गायींचं, आईच्या गुडघ्याचं. स्कीचा विषय टेबलावर येत नसे. ज्या घरात अख्खं आयुष्य स्कीवर गेलं, त्या घरात एका शब्दाभोवती तिघं जण अशी जपून वावरत, जणू तिथं कुणी आजारी माणूस झोपलंय. ती निघून गेली की गेबहार्ट शेडमध्ये जाई आणि काही न करता बराच वेळ उभा राही.

दर शरद ऋतूत नव्या फळ्या येत तेव्हा तो त्यांतल्या सर्वांत सरळ रेषांच्या दोन-चार निवडून वरच्या फडताळावर ठेवी. कशासाठी, हे इर्मानं कधी विचारलं नाही. वसंतात तो त्या खाली काढून दुसऱ्याच कुणाच्या स्कीसाठी वापरून टाकी. पुढच्या शरदात पुन्हा निवडून ठेवी.

इर्मा महिन्यातून एकदा गाडीनं लेकीकडे जाई, पिशवीत आंबट चीज आणि लोकरीचे मोजे घेऊन. गेबहार्टला ती दर वेळी विचारी. तो म्हणे, प्रेसमध्ये माल आहे. प्रेस रिकामी असली तरी म्हणे.

वेरेनानं आखलेली पहिली स्की हॉर्नेकनं बाजारात आणली तेव्हा इर्मानं एक जोड विकत घेतला. डोंगर चढून जाणाऱ्यांसाठीची हलकी, राखाडी रंगाची स्की. लपवून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. व्हरांड्यात जळाऊ लाकडाच्या थप्पीला टेकवून तिनं ती सरळ उभी केली. गेबहार्टनं बघितलं तेव्हा ती म्हणाली, "मी बायको तुझी आहे, पण आई तिची आहे. मला दोन्हीकडचं बघावं लागतं." तेव्हापासून तो सरपण दुसऱ्या टोकानं काढायला लागला. थप्पी एका बाजूनं झिजत गेली आणि दुसरीकडे तशीच उंच राहिली. गावातलं कुणी विचारलं तर इर्मा सांगे, घर डोंगराकडे कललंय.

अशी बरीच वर्षं गेली. मग त्या वर्षी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ओटिली शेडमध्ये आली.

ओटिली गावची टपालवाली होती, निवृत्त झाल्यालाही काळ लोटला होता. तिचा भाऊ लुत्सियस वर कुरणावरची विश्रांतीची झोपडी चालवी आणि हिवाळाभर तिथंच राही. ओटिली दर रविवारी चढून त्याच्याकडे जाई, दोघं बहीणभाऊ मिळून सूप पीत आणि ती संध्याकाळच्या आत खाली उतरे. हे सगळं तिनं गेबहार्टच्या स्कीवर केलं होतं. पण उन्हाळ्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं चढायची परवानगी दिली होती, पण पायावर ओझं नको म्हणून बजावलं होतं.

ती बाकावर बसली, कोट काढायला तयार होईना. काय म्हणायचंय ते तिला लवकर सांगता येत नव्हतं. आधी ती इर्माच्या तब्येतीबद्दल बोलली, मग यंदा बर्फ लवकर पडलं त्याबद्दल. शेवटी सांगितलं की ती शहरातल्या दुकानात जाऊन आली होती. तिथल्या मुलीनं वेरेनाची स्की तिच्या हातात दिली होती.

"मी तिला विचारलं, दुसरी कुठाय," ओटिली म्हणाली. "तर म्हणाली, आजी, तुमच्या हातात दोन्ही आहेत."

गेबहार्टनं हातातला रंधा खाली ठेवला.

"दुसऱ्या कुणाच्या स्कीला आजवर पाय लावला नाही मी, तुला माहितीये. लाज वाटतेय मला इथं बसून हे बोलायची. पण हा खुबा आता माझा नाही, लोखंडाचा आहे. तूच सांग कुठली घेऊ. तू सांगशील ती घेईन."

उत्तर ओठांवर तयार होतं. गिऱ्हाइकांना ते त्यानं इतक्या वेळा दिलं होतं की विचार करावा लागत नसे. कारखान्याची स्की म्हणजे छापलेली वस्तू. तुमचा गुडघा कसा आहे, तुम्ही कुठल्या पायावर जास्त भार देता, तिला काय माहीत. तीन हिवाळ्यांत ढिली पडते. हे सगळं तो म्हणत आला होता आणि त्यातलं बरंच खरंही होतं. पण आपल्या लेकीच्या स्कीवर तो एकदाही उभा राहिला नव्हता. समोर ओटिली एका कुशीवर भार टाकून बसली होती, आणि तिच्याशी हे बोलणं त्याला जमेना.

"शुक्रवारी ये," तो म्हणाला.

इर्मा ब्लुडेंट्सच्या बाजाराला गेली त्या सकाळी गेबहार्टनं व्हरांड्यातल्या स्की उचलल्या. उचलल्या आणि परत खाली ठेवल्या, कारण हात अंदाजापेक्षा वर गेला होता. मग स्क्रूड्रायव्हर आणून बूट अडकवायची बांधणी आपल्या मापाला सरकवली आणि पहिल्या बसनं घाटमाथ्याकडे निघाला. बसमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं, याचं त्याला बरं वाटलं.

वर चांगलं बर्फ होतं. मागं घसरू नये म्हणून तळाला पकडपट्ट्या लावून तो चढायला लागला, आणि चढताना सारखं वाटत राहिलं की आपण काहीतरी खाली विसरून आलोय. पाऊल उचललं की उचललं जात होतं. दम लागायची त्याची ठरलेली वळणं होती, ती दम न लागता मागं पडत गेली. त्याला याचा आनंद व्हायला हवा होता, पण ते पाऊल हलकं पडेल तसं आत काहीतरी जड होत चाललं होतं. माझ्या स्कीवर लोकांनी इतकी वर्षं किती ओझं वाहिलं, असं त्याच्या मनात आलं.

माथ्यावर त्यानं पट्ट्या काढून खिशात कोंबल्या आणि उतरायला सुरुवात केली. पहिली दोन वळणं त्यानं सावधपणे घेतली, परक्या घोड्यावर बसल्यासारखी. तिसऱ्या वळणाला त्यानं भार सोडला, आणि स्कीचं मागचं टोक सुटण्याआधी क्षणभर थांबलं. सुटू का, असं विचारल्यासारखं. मग सुटलं.

तो जागच्या जागी थांबला.

हेच त्याला आयुष्यभर हवं होतं. मागच्या टोकाचं ते थांबणं साधण्यासाठी त्यानं गाभा किती वेळा पातळ केला होता, किती वेळा जाड केला होता, लाकडाच्या रेषा उलट्या लावून बघितल्या होत्या. कधी जवळपास आलं, कधी हातचं निसटलं. टाचेच्या मागं वीतभर अंतरावर तिनं ताठपणा काढून टाकला होता. बरोबर तिथं, जिथं लहानपणी बोट ठेवून ती आजोबांचं नाव घ्यायची. ही स्की कुणी हॉर्नेकनं बनवलेली नव्हती. ही त्याच्याच शेडमध्ये सुरू झाली होती, त्याच्याच प्रेसमधून निघालेल्या स्कीवर, त्या मुलीच्या मिटलेल्या डोळ्यांमागं. आणि तिथून ती त्याच्याशिवाय पूर्ण झाली होती.

खाली कडक झालेल्या बर्फावर स्की थरथरली. अंगठ्याच्या पुढं, साधारण हातभर अंतरावर. तिथं तिला काहीतरी कमी पडत होतं. दोष सापडला म्हणून त्याला समाधान वाटायला हवं होतं. उलट त्याला फार वाटलं की आत्ता, या क्षणी तिला हाक मारून सांगावं, वेरेना, इथं बघ. त्यानं नकळत मागं वळून पाहिलंसुद्धा. मग तो बर्फावर बसला. कुणाची तरी इतकी आठवण यावी आणि ते माणूस जिवंत असावं, दोन तासांच्या अंतरावर असावं, हे त्याला पेलवेना.

घरी आला तर इर्मा बाजारातून लवकर परतली होती आणि दारात उभी होती. तिनं त्याच्या खांद्यावरच्या स्कीकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी विचार करत होते," ती म्हणाली, "चोर म्हणून पोलिसांना बोलवावं, की नवरा म्हणून जेवायला वाढावं."

"टाचेच्या मागं मऊ केलीये तिनं," गेबहार्ट म्हणाला.

इर्मानं पुढं टोमणा मारला नाही. मक्याच्या रव्याचं रीबल लोण्यात परतून तिनं त्याच्यापुढं ठेवलं आणि स्वतः समोर बसली. तो खाली मान घालून जेवला, आणि तिनं त्याला तसं जेवू दिलं.

शुक्रवारी ओटिली आली तेव्हा त्यानं तिला बसूही दिलं नाही. वेरेनाची घे, म्हणाला. कडक बर्फावर थोडी थरथरेल, तेव्हा दुपारच्या उन्हात उतरत जा, आणि बांधणी बसवायला दुकानात देऊ नकोस, माझ्याकडे आण. ओटिलीनं बराच वेळ रुमाल शोधला.

"आणि तुझं काय?" तिनं विचारलं.

"माझं काय व्हायचंय. पोरगी माझीच आहे की."

हे वाक्य तो किती वर्षांनी बोलत होता, हे तिला ठाऊक नव्हतं. पण त्याला बोलून झाल्यावर शेडच्या दाराशी जाऊन थोडा वेळ बाहेर बघत राहावं लागलं.

त्याच संध्याकाळी त्यानं स्वतः फोन लावला. आजवर फोन इर्मा लावी आणि शेवटी त्याच्या कानाला देई. वेरेनानं उचलला आणि पहिलंच विचारलं, आईला काय झालं. काही झालं नाही, तो म्हणाला. मग त्यानं एका दमात सांगून टाकलं की कडक बर्फावर स्की थरथरते, अंगठ्याच्या पुढं.

"कुणाच्या स्कीवर होतास तू?"

"तुझ्या आईच्या."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"हातभर पुढं ना?" वेरेना म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तिथं मला ॲशची एक पट्टी हवी होती, बाबा. बोटभर रुंद. मी दोन वर्षं भांडले. म्हणाले, यंत्रात बसत नाही."

"मग ये इकडे. लाकूड काढून ठेवलंय मी. चांगलं आहे."

"नाही येता येत. मी बाहेर कुठंही, कुणाहीबरोबर स्की बनवायची नाही, असं लिहून दिलंय त्यांना. तुझ्या शेडमध्येसुद्धा."

"बरं," गेबहार्ट म्हणाला. मग, तिनं ठेवायच्या आत, घाईनं म्हणाला, "बाकी चांगली आहे. फार चांगली आहे."

नाताळला ती आली ती बातमी घेऊनच. हॉर्नेकनं रोमेनियात नवा कारखाना उभारला होता, तिच्या स्की आता तिथं होणार होत्या, आणि काम नीट बसेपर्यंत तिनं तिथं राहायचं होतं. तीन वर्षं तरी. कदाचित जास्त. इर्मानं लगेच तिथल्या थंडीबद्दल आणि दातांच्या डॉक्टरबद्दल प्रश्न विचारायला घेतले.  दुसऱ्या दिवशी बापलेक एकत्र डोंगर चढले. ती पुढं होती, तो त्याच्या जड स्कीवर मागं. दर वळणावर ती थांबे, तो आला की पुन्हा निघे.  उतरताना त्यानं तिला आधी जाऊ दिलं आणि मागून तिची वळणं बघत राहिला. तो उतार आणखी लांब असता तर बरं झालं असतं, एवढंच त्याला वाटत होतं. ओटिली मात्र त्या हिवाळ्यात दर रविवारी सूप उकळायच्या आत वर पोचायला लागली, आणि लुत्सियस तक्रार करायचा की बहीण आता जरा जास्तच वेळ बसते.

फेब्रुवारीत लेकीचं सामान बांधायला इर्मा निघाली तेव्हा गेबहार्टही कोट घालून दारात येऊन उभा राहिला. प्रेसचं नाव कुणी काढलं नाही.

वेरेनाचं घर त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून सपाटीवरचं धुकं. तिघांनी दिवसभर खोकी भरली. शेवटी वेरेनाच्या गाडीच्या टपावर एकाच जोडासाठी जागा उरली, तेव्हा वेरेनानं कपाटामागून दोन जोड काढून भिंतीला टेकवले. एक राखाडी, तिचा. दुसरा गेबहार्टनं ती ग्राट्सला जाताना करून दिलेला. त्याला वाटलं होतं, तो केव्हाच तळघरात कुजला असेल.

त्यानं तो उचलून उजेडाकडे धरला. पोलादी कडा पार झिजून कागदासारख्या झाल्या होत्या. इतक्या झिजायला कडा कितीतरी वेळा घासाव्या लागतात, आणि घासाव्या लागतात तेव्हाच जेव्हा माणूस त्यांच्यावरून उतरत असतो. तळही दोन-तीन ठिकाणी बुजवलेला होता, नीट, त्यानं शिकवलं होतं तसा.

"कधी वापरायचीस?" त्यानं विचारलं.

"रविवारी. एकटी असले की."

बाकीचे दिवस ती कामाच्या स्कीवर काढायची. त्यानं मान डोलावली. कुठला जोड नेऊ, हे तिनं विचारलं नाही, पण ती थांबली होती, हे त्याला दिसत होतं. आणि आतून त्याला फार वाटत होतं की तिनं हा न्यावा. इतकं वाटत होतं की तोंड उघडायची भीती वाटली.

"तुझ्याच ने," तो म्हणाला. "तिथं रोज तपासाव्या लागतील. आणि या कडांवर आता कुणी उतरू नये."

वेरेनानं राखाडी स्की टपावर बांधल्या. मग परत वर आली आणि त्याचा जोड त्याच्या हातात दिला. "घरी ने. इथं कुणाकडे ठेवायच्या." तिचा हात जोडावरून लगेच सुटला नाही. इर्मा जिन्यात उभी राहून बिनकामाची पिशवी आवळत होती.

परतीच्या आगगाडीत गेबहार्ट स्की गुडघ्यांमध्ये उभ्या धरून बसला. समोरच्या सीटवर एक तरुण जोडपं होतं, डोंगराकडे निघालेलं, दुकानातली नवी कोरी स्की घेऊन. पोरानं कुतूहलानं विचारलं की ह्या कुठल्या कंपनीच्या. 

"आमच्या लेकीच्या आहेत," इर्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इर्मा कॉफी घेऊन शेडमध्ये आली तेव्हा जोड बाकावर आडवा होता आणि गेबहार्ट झिजलेल्या कडा एका टोकाकडून उचकटत होता. शेजारी नव्या पोलादी पट्ट्या मापून कापून ठेवल्या होत्या. गिऱ्हाइकांचं काम भिंतीशी तसंच पडलं होतं.

"तीन वर्षं ती येणार नाही," इर्मा म्हणाली.

"माहितीये."

तिनं कॉफी त्याच्या हाताशी ठेवली. त्यानं ती थंड होऊ दिली. कडा लाकडाला धक्का न लागता निघायला हवी होती, आणि अशा कामात घाई करून चालत नाही.